पाळी जाताना येणाऱ्या गरम वाफा : हार्मोनविना उपचार

पंचेचाळिशी ओलांडलेल्या भगिनी दवाखान्यात येतात तेव्हा पहिली तक्रार बहुधा दुसरीच सांगतात. झोप लागत नाही, चिडचिड होते, छातीत धडधडते, अंगात कसकस वाटते. थोडे खोदून विचारले की मग खरी गोष्ट बाहेर येते. "डॉक्टर, छातीतून एकदम वर वाफ चढल्यासारखे होते. तोंड, कान, मान तापते. मग दरदरून घाम फुटतो आणि घाम सुकला की थंडी वाजते." बरोबर आलेले यजमान हसून सांगतात, "ऐन थंडीत ही पंखा लावते आणि मला गोधडी शोधावी लागते."

यजमानांना हसू येते, पण रात्रीतून तीन-चार वेळा भिजलेले कपडे बदलून सकाळी पाचला पुन्हा गॅसपाशी उभे राहणाऱ्या बाईला ते येत नाही. शाळेत वर्गासमोर, बँकेच्या काउंटरवर किंवा लग्नघरात चारचौघांत घामाघूम होणे हा तिला मोठा संकोच वाटतो. आणि "या वयात असे व्हायचेच" असे म्हणून घरचे तो विषय तिथेच संपवतात. आज या त्रासाची माहिती घेऊ. विशेषतः ज्यांना हार्मोनच्या गोळ्या चालत नाहीत किंवा नको आहेत, त्यांना काय करता येते, ते पाहू.

हे होते तरी का?

सलग बारा महिने पाळी आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे आपण म्हणतो. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास घडते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या सुमारास. गरम वाफांचा त्रास मात्र पाळी अनियमित होऊ लागली की सुरू होऊ शकतो आणि पाळी गेल्यावरही राहतो. अमेरिकेत अनेक वर्षे चाललेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्या स्त्रियांना हा त्रास सात वर्षांहून अधिक काळ होत होता. म्हणून "चार-सहा महिने कळ काढा, जाईल" हा सल्ला सगळ्यांना लागू पडत नाही.

कपडे इस्त्री करताना आपण पाहतो, की इस्त्री ठरावीक तापली की आतला थर्मोस्टॅट तिला बंद करतो आणि थंड झाली की पुन्हा चालू करतो. आपल्या मेंदूतही असाच एक थर्मोस्टॅट आहे. त्या भागाला हायपोथॅलॅमस म्हणतात. शरीराचे तापमान किंचित वर-खाली झाले तरी तो एरवी तिकडे दुर्लक्ष करतो. स्त्रीबीजकोशातून येणारे इस्ट्रोजेन कमी झाले की ही सहनशीलता कमी होते. तापमान जरा वाढले तरी मेंदूला वाटते, अंग फार तापले. तो लगेच कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलवतो आणि घाम सोडतो. चेहरा लाल होतो तो यामुळेच.

अमेरिकेतील संशोधिका डॉ. नाओमी रान्स यांना १९९० च्या सुमारास असे आढळले, की रजोनिवृत्तीनंतर हायपोथॅलॅमसमधील काही विशिष्ट पेशी आकाराने मोठ्या होतात. या पेशी न्यूरोकायनिन बी नावाचे द्रव्य तयार करतात. इस्ट्रोजेनचा लगाम सुटल्यामुळे त्या जास्त काम करू लागतात आणि शेजारच्या थर्मोस्टॅटला डिवचतात. तेव्हा हा त्रास 'मनाचे खेळ' नाही. त्याला मेंदूत पक्की जागा आहे. हे घरातल्या माणसांनी समजून घेतले तरी अर्धा ताण कमी होईल.

प्रत्येक घाम पाळीचा नसतो

उपचारांकडे वळण्यापूर्वी एक महत्त्वाची सूचना. वय चाळिशी-पन्नाशीचे आहे, म्हणून प्रत्येक घाम आणि धडधड पाळीच्या खात्यावर टाकू नका.

छातीत दाब, दुखणे, दम लागणे, डावा हात किंवा जबडा भरून येणे आणि त्याबरोबर थंड घाम असेल, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. बायकांमध्ये छातीत फारसे न दुखता नुसती मळमळ, घाम आणि गळाल्यासारखे होणे एवढेच दिसू शकते. गरम वाफ काही मिनिटांत ओसरते. त्रास ओसरत नसेल तर घरी वाट न पाहता ताबडतोब रुग्णालय गाठा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईला घाम, थरथर आणि भूक एकदम लागली तर साखर उतरलेली असू शकते. लगेच साखरेचे पाणी घ्यावे आणि साखर तपासावी. रात्री घाम, संध्याकाळी बारीक ताप, दोन आठवड्यांहून अधिक खोकला आणि वजन घटणे असेल तर क्षयरोगाची तपासणी हवी. सतत धडधड, हात कापणे, खाऊनही वजन कमी होणे ही थायरॉईड वाढल्याची लक्षणे असतात.

आणखी एक गोष्ट. वर्षभर पाळी बंद राहून नंतर अंगावरून एक थेंब जरी रक्त गेले, तरी तो 'उशिरा आलेला विटाळ' समजू नये. गर्भाशयाच्या कर्करोगाची ती पहिली खूण असू शकते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे त्याच आठवड्यात जावे.

हार्मोन कोणाला नको?

गरम वाफांवर इस्ट्रोजेन हे आजही सर्वांत परिणामकारक औषध आहे, हे आधीच सांगतो. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीनंतर जगभर या गोळ्यांची धास्ती पसरली. पुढे त्याच माहितीचा बारकाईने अभ्यास झाला. साठीच्या आतील, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नाहीत अशा निरोगी स्त्रियांना फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो, असे आता मानले जाते.

परंतु ज्यांना स्तनाचा कर्करोग झाला आहे, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली होती, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, यकृताचा आजार चालू आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतो आहे, त्यांना ते सहसा देत नाहीत. काहींना ते घ्यायचेच नसते. अशा भगिनींना "मग काही उपाय नाही" असे सांगून परत पाठवले जाते, ते चूक आहे. उपाय आहेत आणि त्यातले बरेचसे आपल्या गावात मिळतात.

औषधाविना काय करावे?

सुती कपडे, रात्री उशाशी माठाचे पाणी, पर्समध्ये हातपंखा, स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवणे, या गोष्टी जरूर कराव्यात. त्यांनी वाफांची संख्या कमी होते असे सिद्ध झालेले नाही, पण आलेली वाफ सुसह्य होते. चहा, तिखट किंवा गरम जेवणाने तुमची वाफ हमखास चढत असेल तर तेवढे टाळा. सगळेच बंद करून उपाशी राहू नका.

वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने वाफा कमी होतात, याला चांगला आधार आहे. रोजचे चालणे, योगासने, प्राणायाम यांनी गरम वाफा थांबतात असे मात्र चाचण्यांत दिसले नाही. म्हणून ते सोडू नका. या वयात हाडे, हृदय, साखर आणि झोप यांसाठी त्यांची गरज आहेच. फक्त त्यांच्याकडून वाफांचा उतारा मिळेल अशी अपेक्षा ठेवून निराश होऊ नका.

एक उपचार आपल्याकडे फारसा ठाऊक नाही. त्याला बोधात्मक वर्तनोपचार म्हणतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्रा. मायरा हंटर आणि सहकाऱ्यांनी यावर केलेल्या चाचण्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. वाफ आली की मनात पहिला विचार येतो, "सगळे माझ्याकडेच बघतायत, आता माझी फजिती होणार." या विचाराने धडधड वाढते आणि त्रास दुप्पट होतो. चार ते सहा बैठकांत समुपदेशक हे विचार ओळखायला, श्वास संथ ठेवायला आणि झोपेच्या सवयी सुधारायला शिकवतात. वाफांची संख्या यामुळे फारशी घटत नाही, पण त्यांचा जाच आणि निद्रानाश निश्चित कमी होतो. प्रशिक्षित तज्ज्ञाकडून केलेल्या वैद्यकीय संमोहनानेही वाफा कमी झाल्याचे अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. हे गावजत्रेतले संमोहन नव्हे, हे ध्यानात घ्यावे.

हार्मोन नसलेल्या गोळ्या

खाली दिलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या आहेत. नावे देतो ती माहितीसाठी. मेडिकलमध्ये जाऊन स्वतः मागण्यासाठी नव्हे.

१) उदासीनतेवरील गोळ्या, कमी मात्रेत : व्हेनलाफॅक्सिन, एस्सिटालोप्राम, पॅरोक्झेटिन ही यातली नावे. चिठ्ठीवर हे नाव पाहून मेडिकलवाला सांगतो, "ही डिप्रेशनची गोळी आहे," आणि बाई घाबरून परत येते, "डॉक्टर, मला वेड लागलेय का?" तसे मुळीच नाही. एकच औषध दोन कामे करते. अमेरिकेच्या मेयो क्लिनिकची एक चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. व्हेनलाफॅक्सिन ७५ मिलिग्रॅम घेणाऱ्या स्त्रियांचा त्रास चार आठवड्यांत सुमारे ६१ टक्क्यांनी घटला. ज्यांना औषध नसलेली नुसती खोटी गोळी दिली होती त्यांचाही २७ टक्क्यांनी घटला. हा २७ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. या गोळ्यांचा गुण दोन-तीन आठवड्यांत कळतो. सुरुवातीला मळमळ, तोंडाला कोरड, बद्धकोष्ठता होऊ शकते. व्हेनलाफॅक्सिनने काहींचा रक्तदाब वाढतो, म्हणून तो मोजत राहावा. या गोळ्या एकदम बंद करू नयेत, हळूहळू उतरवाव्यात.

२) गॅबापेन्टिन : मुळात फिट्सवरचे औषध. रात्री घामाने वारंवार जाग येणाऱ्यांना झोपताना दिले तर दुहेरी फायदा होतो. चक्कर आणि गुंगी हे दोष आहेत. रात्री लघवीला उठताना पडू नये याची काळजी घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्रा कमी करावी लागते.

३) ऑक्सिब्युटिनिन : लघवीची सारखी घाई होणाऱ्यांना हे देतात. गरम वाफाही त्याने कमी होतात. तोंड कोरडे पडते, शौचास घट्ट होते. वयस्क स्त्रियांत विसराळूपणा वाढण्याची शक्यता असल्याने जपून वापरतात.

४) क्लोनिडिन : रक्तदाबाची ही जुनी गोळी पूर्वी या त्रासासाठी दिली जात असे. गुण थोडा आणि दोष जास्त, म्हणून आता तिची शिफारस होत नाही.

५) नवीन औषधे : डॉ. रान्स यांनी पाहिलेल्या त्या पेशींकडून येणारा न्यूरोकायनिनचा निरोपच अडवणारी औषधे आता तयार झाली आहेत. फेझोलिनेटंटला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ते परिणामकारक आहे, पण क्वचित यकृताला गंभीर इजा होते असे दिसल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये तेथील औषध प्रशासनाने त्यावर ठळक इशारा छापायला लावला. सुरू करण्यापूर्वी आणि नंतरही काही महिने यकृताची रक्ततपासणी करावी लागते. एलिन्झानेटंट या दुसऱ्या औषधाला २०२५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. परदेशातील मुलगा किंवा मुलगी येताना अशी गोळी घेऊन आली, तरी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय आणि तपासणीशिवाय सुरू करू नका. जुन्या गोळ्या जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळतात आणि पुष्कळ जणींचे काम त्यांवरच भागते.

स्तनाच्या कर्करोगानंतर

हा भाग विशेष काळजीपूर्वक वाचावा. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक भगिनींना टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ घ्यावी लागते. रोग उलटू नये म्हणून ती असते. याच गोळीने गरम वाफा येतात, आणि त्या फार तीव्र असतात.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या एका शिक्षिका बाईंनी या त्रासाला कंटाळून टॅमॉक्सिफेन परस्पर बंद केली होती. दिवसातून दहा-बारा वेळा घाम, रात्रीची झोप नाही, आणि घरी कोणाला सांगायची चोरी. ब्लड प्रेशर मोजताना त्या सहज बोलून गेल्या म्हणून कळले. त्यांच्या कर्करोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून टॅमॉक्सिफेन पुन्हा सुरू केली आणि जोडीला व्हेनलाफॅक्सिन दिली. महिन्याभरात वाफा चार-पाचांवर आल्या. त्या पूर्ण थांबल्या नाहीत, पण बाई झोपू लागल्या आणि गोळी चालू राहिली. जिवाच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे होते.

येथे एक खबरदारी हवी. पॅरोक्झेटिन आणि फ्लुओक्झेटिन ही औषधे यकृतात टॅमॉक्सिफेनचे कार्यक्षम स्वरूप तयार होण्यात अडथळा आणतात. म्हणून टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांनी ही दोन टाळावीत. व्हेनलाफॅक्सिन किंवा एस्सिटालोप्राम त्या मानाने योग्य ठरतात. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी चालू गोळ्यांची पट्टी पिशवीतून काढून दाखवा. "एक पांढरी गोळी आहे" एवढ्याने भागत नाही.

पिशवी काढलेल्या तरुण भगिनी

बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. पस्तिशीच्या आत पिशवी काढलेल्या भगिनी आपल्याही भागात आहेत. पिशवीबरोबर दोन्ही स्त्रीबीजकोशही काढले असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात थांबते आणि वाफांचा त्रास अचानक व जोरात सुरू होतो. अशा तरुण स्त्रियांनी केवळ वाफांवरची गोळी घेऊन थांबू नये. त्यांची हाडे आणि हृदय यांनाही लवकर धोका पोचतो. दुसरी काही अडचण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत त्यांना हार्मोन देणेच बहुधा हिताचे असते. पाळी चाळिशीच्या आत आपोआप गेली असेल त्यांनाही हेच लागू आहे. शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवा, कारण बीजकोश ठेवले की काढले हे त्यावरूनच कळते.

आणि हे लक्षात घ्या, की गरम वाफा, घाम किंवा पांढरे जाणे एवढ्यासाठी पिशवी काढण्याची गरज नसते. तसा सल्ला कोणी दिला तर दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय सही करू नका.

बाटल्या आणि डब्या

सोयाबीन, जवस, ब्लॅक कोहोश, इव्हनिंग प्रिमरोजचे तेल, ई जीवनसत्त्व यांची जाहिरात जोरात असते. नीट तुलना करून पाहिली तेव्हा ही खोट्या गोळीच्या फार पुढे गेलेली नाहीत. शतावरीवर झालेले अभ्यास लहान आणि थोड्या काळाचे आहेत. "पण शेजारच्या ताईंना गुण आला ना!" असे म्हणाल. येथे तो २७ चा आकडा आठवा. खोट्या गोळीनेही चौथा हिस्सा त्रास कमी होतो आणि वाफा काळानुसार आपोआपही घटतात. आहारात सोयाबीन किंवा जवसाची चटणी खुशाल खा. महिन्याकाठी महागडी बाटली घेण्याआधी मात्र विचार करा. आणि ज्या पुडीवर घटकांची नावेच नाहीत ती कितीही 'गुणकारी' असली तरी घेऊ नका, कारण तिच्यात स्टिरॉईड किंवा जड धातू असू शकतात.

वाचकांच्या नेहमीच्या दोन शंका

गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतील का? नाही. सहा महिने ते वर्षभराने मात्रा कमी करून पाहतात. त्रास परतला नाही तर बंद करतात.

कोणती गोळी आपल्याला योग्य हे कसे ठरवायचे? घरातल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात वाफांच्या रेघा ओढा, रात्रीच्या वाफांना वेगळी खूण करा. दोन आठवड्यांचे हे पान घेऊन डॉक्टरांकडे जा. रात्रीचा त्रास जास्त आहे की दिवसाचा, मन उदास असते का, लघवीची घाई आहे का, रक्तदाब किती, इतर औषधे कोणती, यावरून निवड होते. गुण आला की नाही तेही त्याच पानावरून कळते.

थोडक्यात सांगायचे तर :

— गरम वाफा हा खरा शारीरिक त्रास आहे. तो मुकाट्याने सोसण्याची गरज नाही.
— छातीत दाब, ताप, वजन घटणे किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव असेल तर आधी त्याची तपासणी.
— हार्मोन चालत नसतील तरी परिणामकारक गोळ्या आहेत. त्या चिठ्ठीनेच घ्या आणि एकदम बंद करू नका.
— टॅमॉक्सिफेन परस्पर थांबवू नका.
— वजन आटोक्यात ठेवा, झोप सांभाळा, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

घरातल्या पुरुषमंडळींना एकच विनंती. रात्री पंखा लागला तर कुरकुर करू नका, एक गोधडी जास्त घ्या. आणि पुढच्या वेळी त्यांना दवाखान्यात आणाल तेव्हा "हिची चिडचिड फार वाढलीय" असे सांगण्याऐवजी, "हिला रात्रभर घाम येतो, झोप नाही" असे सांगा. डॉक्टरांचे निम्मे काम होऊन जाईल.

पुढील आठवड्यात : पाळी गेल्यानंतर हाडांची झीज आणि ती रोखण्याचे उपाय.